मंत्रिपद न मिळालेल्या आमदाराची कारकीर्द फुकट गेली का?

एका तरुण सरपंचांनी विचारलं आहे: "आमच्या तालुक्याचे आमदार चार वेळा निवडून आले, पण एकदाही मंत्री झाले नाहीत. गावात सगळे म्हणतात, त्यांची कारकीर्द फुकट गेली. मी एकतीस वर्षांचा आहे. जिल्हा परिषदेला उभं राहावं, पुढं जमलं तर विधानसभा, असं मनात आहे. आमदाराची कारकीर्द घडते कशी? आणि ती फुकट गेली की कामी आली, हे ओळखायचं कसं?"

मी सव्वीस वर्षं आमदारांचा स्वीय सहायक होतो, म्हणजे लोक ज्याला पीए म्हणतात तो. दोन आमदार, दोन वेगळे पक्ष. दोघांनाही मी निवडून येताना पाहिलं आणि पडतानाही. त्यातला एक शेवटपर्यंत मंत्री झाला नाही. म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण मला त्याखाली तिसराच दिसतो. आमदार कसं व्हायचं हे सांगणारे तुम्हाला तालुक्यात शंभर भेटतील. आमदार झाल्यावर पाच वर्षं नेमकं करायचं काय, हे सांगणारा सहसा भेटत नाही. आणि त्याचं उत्तर ठाऊक नसल्यामुळेच लोक मंत्रिपदाची फुटपट्टी लावतात.

आधी ती फुटपट्टी बघू. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ सदस्य आणि विधान परिषदेत ७८, म्हणजे एकूण ३६६. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळ विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा मोठं करता येत नाही. आपल्याकडं मुख्यमंत्री धरून ते ४३ होतात. राज्यमंत्रीही त्यातच आले. आता त्या ४३ मध्ये प्रत्येक विभागाला वाटा हवा, प्रत्येक मित्रपक्षाला हवा, समाजांचा समतोल हवा, महिला हव्यात, परिषदेतले ज्येष्ठही हवेत. तुमच्याच जिल्ह्यात सत्ताधारी बाजूचा एखादा वजनदार नेता आधीच असेल, तर तुमच्या आमदारांचं नाव यादीच्या चर्चेपर्यंतही पोचत नाही. यात त्यांच्या कर्तृत्वाचा भाग थोडा, भूगोलाचा आणि वेळेचा जास्त. मंत्रिपद नाही म्हणून कारकीर्द फुकट म्हणायचं, तर दर विधानसभेतली तीन चतुर्थांशाहून जास्त माणसं फुकट गेली असं म्हणावं लागेल.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख आठवा. शेतकरी कामगार पक्षासारख्या लहान पक्षाकडून १९६२ला पहिल्यांदा निवडून आले. १९७२ आणि १९९५ला पडले. तरी एकाच मतदारसंघातून अकरा वेळा आमदार झाले. मंत्रिपद १९७८ला आणि १९९९ला, तेही थोड्या काळासाठी. बाकीची सगळी वर्षं बहुतेक विरोधी बाकांवर. पण दुष्काळी तालुक्यांच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी सभागृहात आणि बाहेर पाणी परिषदांमधून किती वर्षं लावून धरला, हे त्या भागात कोणालाही विचारा. त्यांची कारकीर्द फुकट गेली असं सांगोल्यात तुम्हाला कोणी म्हणणार नाही.

मग कारकीर्द घडते कशात? माझं उत्तर असं की ती पाठपुराव्यात घडते. हा शब्द सगळेच वापरतात, म्हणून एक प्रसंग जरा तपशिलात सांगतो.

माझे पहिले आमदार पहिल्यांदाच निवडून आले होते. मतदारसंघातल्या एका गावात आरोग्य उपकेंद्राची इमारत बांधून तयार होती आणि तिला कुलूप होतं. इमारतीला पैसे मिळाले होते, पण परिचारिकेचं पद मंजूर झालं नव्हतं. बाळंतपणासाठी बायकांना जीपमधून सतरा किलोमीटर न्यावं लागायचं. साहेबांनी ठरवलं, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकायचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. मसुदा मी लिहिला.

तारांकित प्रश्नाची एक ठरलेली भाषा असते. अमुक गावातील उपकेंद्राची इमारत अमुक महिन्यात पूर्ण होऊनही बंद आहे, हे खरे आहे काय. असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? मी ऐकीव माहितीवर "मार्च महिन्यात पूर्ण" असं लिहिलं. कागदोपत्री इमारत जूनमध्ये ताब्यात आली होती. छापील उत्तर आलं. पहिल्या भागाला "हे खरे नाही". दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाला "प्रश्न उद्भवत नाही". झालं. कुलूप जागच्या जागी, बायका जीपमध्ये, आणि सरकारच्या लेखी प्रश्नच उद्भवला नव्हता. आमदार निवासाच्या खोलीत तो कागद हातात धरून मी बराच वेळ बसलो होतो. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "चूक त्यांची नाही, आपली आहे. आपण त्यांना दार उघडं ठेवलं."

पुढच्या अधिवेशनाआधी मी त्या गावात दोन दिवस राहिलो. इमारतीच्या ताबापावतीची नक्कल काढली. मग ग्रामपंचायतीच्या शिपायानं सहज सांगितलं, की या बंद इमारतीला विजेचं मीटर आहे आणि दर महिन्याला बिल येतं. ते बिल जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडून भरलं जात होतं. मी चौदा बिलांच्या प्रती गोळा केल्या. या वेळचा प्रश्न असा होता, की सदर उपकेंद्राच्या इमारतीचे वीज देयक गेले चौदा महिने नियमित भरले जात आहे, हे खरे आहे काय? याला "नाही" म्हणणं शक्यच नव्हतं. उत्तर आलं, "होय." नशिबानं प्रश्नोत्तराच्या तासात तो प्रश्न पुकारलाही गेला, नाहीतर बहुतेक प्रश्न पटलावर ठेवलेल्या लेखी उत्तरातच संपतात. साहेब उभे राहिले आणि त्यांनी एकच उपप्रश्न विचारला: "अध्यक्ष महोदय, ज्या घरात माणूसच नाही, तिथं दिवा कोणासाठी लागतोय?" सभागृह शांत झालं. मंत्री उठून म्हणाले, तीन महिन्यांत पदनिर्मितीचा निर्णय करू.

पाहुण्यांच्या गॅलरीत बसलेल्या माणसाला वाटेल, काम झालं. खरं तर तिथून काम सुरू झालं. मंत्र्यांनी सभागृहात "करू" म्हटलं की ते आश्वासन होतं, आणि आश्वासनांचा माग ठेवायला विधिमंडळाची स्वतंत्र आश्वासन समिती असते. पण समितीपुढं शेकडो आश्वासनं असतात. आपल्या आश्वासनाची आठवण आपणच ठेवावी लागते. मी त्या दिवशीच्या कामकाजाची प्रत मिळवली. तिच्यावर "असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही" असं लिहिलेलं असतं. तो उतारा जोडून आरोग्य विभागाला पत्र. तिथून फाईल वित्त विभागाकडं. वित्त विभागाची हरकत, की नवीन पदांना मनाई आहे. मग सचिवांच्या समितीपुढं. तीन महिन्यांचं आश्वासन पूर्ण व्हायला दोन वर्षं सात महिने लागले. त्या काळात साहेबांनी त्याच विषयावर अकरा पत्रं लिहिली आणि सभागृहात एक लक्षवेधी सूचना दिली.

परिचारिका रुजू झाली तेव्हा साहेब निवडणूक हरले होते. फीत नव्या आमदारांनी कापली. आम्हाला निमंत्रण नव्हतं. पुढं दोन महिन्यांनी साहेब एका लग्नाहून येताना मुद्दाम त्या गावावरून गेले. उपकेंद्राच्या पायरीवर एक बाई बाळाला टोचून घेऊन बाहेर येत होती. साहेब गाडीतच बसून बघत राहिले. म्हणाले, "दार उघडं आहे. चला."

ही कारकीर्द फुकट गेली का? मी तर नाही म्हणणार. पण त्या गावात तेव्हा त्यांना मतं किती पडली हेही मला पाठ आहे, आणि ती पुरेशी नव्हती. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही तुमच्यापासून लपवायच्या नाहीत.

सभागृहातल्या कामानं थेट मतं मिळत नाहीत. प्रचाराच्या सभेत "मी इतक्या लक्षवेधी मांडल्या" असं सांगून टाळी पडलेली मी पाहिलेली नाही. लोक बघतात ते वेगळंच. विजेचा डीपी जळाला तेव्हा फोन उचलला का. वडील गेले तेव्हा सांत्वनाला आले का. मुंबईच्या दवाखान्यात खाट मिळवून दिली का. सकाळी साडेसहाला साहेबांच्या घराच्या ओट्यावर माणसं जमायची. मी त्यांच्या अर्जांचे तीन गठ्ठे करायचो: आज फोनवर होण्यासारखं, पत्र लागेल असं, आणि आपल्या हातात नाही असं. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या माणसाला "नाही" म्हणायची हिंमत साहेबांकडं होती. त्यामुळं काही मतं गेली, पण शब्द टिकला.

मग सभागृह कशाला, असं तुम्ही विचाराल. हे मला स्वतःला समजायलाही पाच-सहा वर्षं लागली. आमदाराच्या हातात कार्यकारी अधिकार जवळजवळ काही नाही. त्याला तलाठ्याची बदली करता येत नाही, रस्त्याचा कार्यारंभ आदेश देता येत नाही. स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. ऐकायला मोठा वाटतो, पण सव्वाशे गावांच्या मतदारसंघात वाटा, प्रत्येक गावाला चार लाख येतात. एका सभामंडपालाही पुरत नाहीत. मग अधिकारी आमदाराचा फोन का उचलतो? कारण आमदार प्रश्न विचारू शकतो.

प्रश्नाची सूचना विधिमंडळ सचिवालयात गेली, की ती मंत्रालयातल्या विभागाकडं जाते, तिथून जिल्हाधिकारी किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडं, तिथून गटविकास अधिकाऱ्यांकडं आणि शेवटी ग्रामसेवकाच्या टेबलावर. मग माहिती त्याच वाटेनं वर चढते आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी सही करतं. वर्षभर न हललेली फाईल आठ दिवसांत पाच टेबलं फिरते. अनेकदा प्रश्नाची तारीख येण्याआधीच काम उरकलेलं असतं आणि उत्तरात लिहून येतं, की कार्यवाही पूर्ण झाली आहे. सभागृहात तो विषय कधी उच्चारलाही जात नाही. जो आमदार नीट प्रश्न विचारतो, कागद हातात ठेवून विचारतो, त्याचा साधा फोनही जिल्ह्यात वजनदार होतो. आणि त्या फोनमुळं ओट्यावरचा पहिला गठ्ठा सुटतो. मतं त्या ओट्यावरून येतात, पण ओटा चालतो तो सभागृहाच्या बळावर. ज्यांनी सभागृह सोडून दिलं, त्यांचा फोन दोन-तीन वर्षांत हलका झालेला मी पाहिला आहे. मग ते लग्नं आणि दहावे करत राहतात, थकतात, आणि पडतात.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण तुम्ही नवीन आहात. याच प्रश्नाच्या हत्याराचा गैरवापरही होतो. एखाद्या ठेकेदाराविरुद्ध प्रश्न टाकायचा आणि "बोलणी" झाली की पाठपुरावा सोडायचा. पहिल्या वेळी कोणाला कळत नाही. तिसऱ्या वेळी जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यालयाला कळलेलं असतं. त्यानंतर त्या आमदाराच्या खऱ्या प्रश्नालाही कोणी घाबरत नाही. आमच्याकडंही असा निरोप घेऊन माणूस आला होता, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. साहेबांनी तो बॉक्स माझ्याकडं दिला आणि त्याच्यासमोरच मला लक्षवेधीचा मसुदा लिहायला बसवलं.

आता सभागृहाच्या बाकी आयुधांबद्दल थोडक्यात. लक्षवेधी सूचना ही तातडीच्या विषयासाठी. तिला मंत्र्यांचं निवेदन येतं आणि त्यावर प्रश्न विचारता येतात, म्हणून ती वर्तमानपत्रात दिसते. नियम २९३खालच्या चर्चेत मोठा विषय मांडता येतो, पण बोलायला मिळतात पाच-सात मिनिटं, तीही कधी कधी रात्री नऊनंतर. त्या रिकाम्या सभागृहातही तयारीनं बोलणारा आमदार मला मोठा वाटतो, कारण ते शब्द कार्यवाहीत, म्हणजे कामकाजाच्या नोंदीत, छापले जातात आणि दहा वर्षांनी कोणाच्या तरी कामी येतात. समित्या तर लोकांना माहीतच नसतात. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांच्या अहवालावर सचिवांना समोर बसवून विचारते. पंचायत राज समिती जिल्हा परिषदेत येते तेव्हा काय धावपळ होते, हे सरपंच म्हणून तुम्ही ऐकलं असेल. तिथं कॅमेरे नसतात, पक्षाच्या भिंतीही जरा खाली येतात. माझ्या दुसऱ्या आमदारांचं सगळ्यात चांगलं काम समितीत झालं आणि त्याची एकही बातमी आली नाही.

विधिमंडळातून किती मोठं काम उभं राहू शकतं याचं उदाहरण म्हणजे रोजगार हमी योजना. वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. सभापती म्हणजे सभागृह चालवणारा माणूस, त्याच्या हाताखाली खातं नसतं. त्यांनी मागेल त्याला काम ही कल्पना धरून ठेवली, तासगाव तालुक्यात ती आधी करून पाहिली, १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर उपयोगी पडली, १९७७ला तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. नोकरदारांच्या पगारातून आजही कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ला या योजनेसाठीच सुरू झाला. पुढं २००५ला केंद्रानं देशभरासाठी कायदा केला, त्याच्यामागं हा महाराष्ट्राचा अनुभव होता.

आता तुमच्या स्वतःच्या वाटेबद्दल. इथं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मी तुम्हाला खोटी खात्री देणार नाही.

जिल्हा परिषदेपासून सुरुवात करण्याचा तुमचा विचार मला पटतो. तासगावचेच आर. आर. पाटील १९७९पासून १९९०पर्यंत जिल्हा परिषदेत होते, मग १९९०ला आमदार झाले. १९९५ ते १९९९ विरोधी बाकांवर असताना सभागृहात त्यांचं नाव झालं. १९९९ला ग्रामविकास खातं मिळालं आणि त्यातून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान उभं राहिलं. जिल्हा परिषदेत अकरा वर्षं काढलेल्या माणसाला गावातलं घोडं कुठं अडतं हे सांगावं लागलं नाही. ग्रामपंचायत तुम्ही पक्षचिन्हाशिवाय लढलात. जिल्हा परिषद चिन्हावर होते, म्हणजे पक्षातल्या रांगेत उभं राहणं तिथूनच सुरू होतं. तिथं अर्थसंकल्प वाचायला शिका. जो आमदार जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक वाचू शकतो, त्याला विभाग फसवू शकत नाही.

पण आरक्षण फिरतं. तुमचा जिल्हा परिषद गट पुढच्या वेळी महिलांसाठी राखीव होऊ शकतो. स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के जागा आहेत. विधानसभेच्या २८८पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेत त्या बदलतात. २००८च्या पुनर्रचनेनंतर २००९ची निवडणूक नव्या मतदारसंघांवर झाली, तेव्हा माझ्या दुसऱ्या आमदारांची निम्मी गावं शेजारच्या मतदारसंघात गेली. ज्या बंधाऱ्यासाठी त्यांनी सात वर्षं घातली, त्या बंधाऱ्याखालचा एकही मतदार त्यांच्याकडं उरला नाही. शिवाय २०२३च्या १०६व्या घटनादुरुस्तीनं लोकसभा आणि विधानसभांमध्ये एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव ठेवल्या आहेत. जनगणना आणि त्यानंतरच्या पुनर्रचनेनंतर ते लागू व्हायचं आहे. आजच्या २८८ धरल्या तर आपल्याकडं त्या ९६ जागा होतील. तुम्ही चाळिशीत तिकीट मागायला जाल तेव्हा मतदारसंघाचा नकाशा आजचा नसेल, हे धरूनच चाला. तुमच्या घरात किंवा गावात एखादी बाई तुमच्यापेक्षा चांगलं काम करत असेल, तर तिच्यासाठी झटण्याची तयारीही ठेवा. हे मी मनापासून लिहितो आहे.

पक्षाचंही तसंच. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सभागृहातलं मत पक्षादेशाला बांधलेलं असतं. एक तृतीयांश आमदारांच्या फुटीची पळवाट २००३ला बंद झाली. तरी पक्ष फुटतात, हे आपण २०२२ आणि २०२३ला पाहिलं. त्या दिवसांत आमदाराला फार थोड्या तासांत ठरवावं लागतं आणि त्याचा निकाल पुढची दहा वर्षं सोबत राहतो. कोणत्या बाजूला जावं हे मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की ठरवण्याआधी तालुक्यातल्या चार साध्या माणसांशी बोला, ज्यांना तुमच्याकडून काही नको आहे. माझ्या आमदारांनी एकदा फक्त ठेकेदारांशी आणि जवळच्या कार्यकर्त्यांशी बोलून ठरवलं होतं. तो निर्णय त्यांना शेवटपर्यंत बोचला.

पैशाचं. विधानसभेच्या उमेदवाराला कायद्यानं ४० लाखांपर्यंत खर्च करता येतो आणि अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. राज्यात सव्वानऊ कोटींहून जास्त मतदार, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी तीन लाखांच्या वर. एवढ्या लोकांपर्यंत पोचायला कार्यकर्ते लागतात आणि कार्यकर्त्यांना तुमचा वेळ लागतो, वर्षानुवर्षं. तुमचं पोट चालवणारा वेगळा धंदा किंवा शेती असू द्या आणि ती विकून निवडणूक लढू नका. पडल्यावर सकाळी ओटा रिकामा असतो. पहिल्या आठवड्यात ते सहन होतं, सहाव्या महिन्यात घर खायला उठतं. त्या काळात ज्याच्याकडं स्वतःचं काम असतं, तोच पुढच्या निवडणुकीला ताठ उभा राहतो. माझे साहेब पडले तेव्हा त्यांनी द्राक्षबाग पुन्हा हातात घेतली. दर सोमवारी तहसील कार्यालयात मात्र जात राहिले, माजी आमदार म्हणून, साध्या बाकावर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. पाच वर्षांनी ते परत निवडून आले.

म्हणजे आतापर्यंतचं असं: मंत्रिपद हे मोजमाप नाही, सभागृह आणि ओटा एकमेकांवर चालतात, आणि नकाशा, आरक्षण, पक्ष या तीन गोष्टी तुमच्या हातात नाहीत. हातात आहे ती तयारी.

तुमच्या आमदारांबद्दल मी इथं बसून निवाडा देऊ शकत नाही. तुम्हाला मात्र तो काढता येईल. विधिमंडळाची कार्यवाही छापली जाते, ग्रंथालयात असते, संकेतस्थळावरही मिळते. त्यांच्या चार कार्यकाळांतलं एकेक अधिवेशन काढा आणि त्यांचं नाव शोधा. एका प्रश्नावर वीस-वीस आमदारांची नावं असतात, त्याला भुलू नका. उपप्रश्न कोणी विचारला ते बघा. मग त्या विषयाचं पुढच्या अधिवेशनात काय झालं ते बघा. एकच विषय तीन-चार वर्षं वेगवेगळ्या रूपात परत येत असेल, तर तो माणूस कामाचा आहे असं समजा. दर अधिवेशनाला नवा विषय आणि मागच्याचा पत्ता नाही, तर तो बातमीपुरता होता.

आणि मग त्यांना भेटायला जा. सत्कार किंवा निवेदन घेऊन नको. पुढच्या अधिवेशनाचा गॅलरीचा पास त्यांच्याकडूनच मागा आणि एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत बसून कामकाज बघा. जमलं तर त्यांच्या पीएला विचारा, की पाठपुराव्याचं रजिस्टर आहे का. माझ्याकडं जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं एक होतं. डावीकडं विषय आणि गाव, मग प्रश्नाची तारीख, उत्तर, आश्वासन, पत्रं, आणि शेवटचा रकाना "झाले". सव्वीस वर्षांत अशी नऊ रजिस्टरं भरली. शेवटच्या रकान्यात निम्म्याहून जास्त जागा कोऱ्या आहेत आणि त्याचं दुःख मला आजही आहे. पण ज्या भरल्या आहेत, त्या प्रत्येकीसमोर मला एक गाव दिसतं.

तुमच्या गावातली अडलेली तीन कामं आजच अशा एका वहीत लिहा. तारखेसह, कागदांच्या प्रतींसह. आणि तारीख दोनदा तपासा.